माया

डिचोलीच्या वाचनालयात
कादंबऱ्यांचं कपाट खिडकीजवळचं, तिसरं.
परत आलेलं पुस्तक मी उलगडून बघते:
दुमडलेले कोपरे, हळदीचं बोट,
एकदा तर खुणेसाठी ठेवलेला
बांगड्याचा काटा, स्वच्छ धुतलेला.

आतल्या नायिका जेवत नाहीत.
दहाव्या पानावर त्या शेलाट्या असतात,
चाळिसाव्यावर त्यांची अन्नावरची वासना उडते.
एकशे बाराव्या पानावर त्याचं पत्र येतं,
तशा त्या ताट सारून उठतात.
त्या भाताचं पुढे काय झालं, लिहिलेलं नाही.
जाडी असते ती मैत्रीण.
ती वडे खाते, हसवते,
आणि शेवटच्या प्रकरणात
नायिकेच्या वेणीत गजरा माळते.

मी आठवीपासून याच वाचत आले.
परकराची नाडी श्वास ओढून बांधायची,
हुमणातली फोड बाजूला काढायची,
एकदा संध्याकाळी खिडकीत उभी राहून
मूर्च्छा येते का बघितलं.
आईनं जंतांचं औषध दिलं.

यंदा चवथीच्या आधी समासात पेन्सिल दिसू लागली.
निळी, बारीक, घाईची.
‘कंबर बावीस. मग ही श्वास कुठे घेते?’
‘दोन दिवस उपाशी आणि पळत टेकडी चढली. खोटं.’
‘कोणीतरी हिला पेज वाढा. सोबत मिठातली तोर.’
आणि एका विरहाच्या पानावर, आडवं,
नुसतंच: ‘सुंगटांची किस्मूर.’

नियम आहे, पुस्तकावर लिहू नये.
खोडरबर माझ्याच खणात.
मी खोडत गेले, चुरा फुंकत गेले.
तो टेबलाच्या कडेला जमायचा शेवयांसारखा
आणि मला, अकरा वाजताच, भूक लागायची.

दिवाळीचा ब्लाउज शिवायला टाकायला गेले
सुकांती च्यारीकडे, बसस्टँडच्या मागे,
सभासद क्रमांक दोनशे सात.
कानावर पेन्सिल. निळी.
मी काही बोलले नाही, तीही नाही.
खांदा, छाती, दंडाचा घेर:
आकडे ती मोठ्यानं उच्चारत नाही,
लिहिते आणि वही पालथी घालते.

कंबरेशी टेप आली. मी पोट आत घेतलं.
ती थांबली.
टेप धरून, दाराबाहेर बघत, नुसती थांबली.
साखळीची बस भरली, सुटली,
दुसरी येऊन लागली,
कंडक्टर ओरडायला लागला.
शेवटी माझा श्वास सुटला.
तेव्हा तिनं माप घेतलं.

“आत दोन बोटं माया सोडते,” म्हणाली,
“सगळ्यांच्याच सोडते.
चवथीला पातोळ्यो होतात, पोरं होतात,
कधी नवरा मरतो आणि बाई जेवायला लागते.
उसवायला जागा नको?”
मग टेप गळ्यात टाकत,
“खोडतेस ती तूच मगो?”
“नियम आहे,” मी म्हटलं.
“खोड गे. म्हणून तर शाईनं लिहीत नाही.”

परवा एक नवी कादंबरी आली, करकरीत,
शिक्का मारायची बाकी.
नव्वदाव्या पानावर लग्नाला तीन आठवडे आहेत
आणि ती लिंबूपाण्यावर आहे.
समास चांगला रुंद.
मी डबा उघडला: उकड्या तांदळाचं शीत,
आंबाड्यांचं सासव, तळलेला एक लेपो.
वाचता वाचता जेवले, बोटं चाटली,
पान उलटलं.
लिंबूपाण्याच्या ओळीशेजारी
तेलाचा गोल डाग उमटला, पलीकडचं दिसेल असा.

त्याला खोडरबर चालत नाही.
शिक्का मारला, नोंद केली,
आणि पुस्तक कपाटात न लावता
दोनशे सातसाठी बाजूला ठेवलं.